धरणीकंप : कारणे, तरंग आणि आपली घरे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी भूकंपासारखा विषय निवडावा, हे आपणांपैकी पुष्कळांना विचित्र वाटले असेल. नाट्यसंगीत, संतवाङ्मय, निदान बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाचे भवितव्य, असा काही प्रसन्न किंवा जिव्हाळ्याचा विषय अशा प्रसंगी शोभून दिसतो. त्यातून आम्ही कलाशाखेचे पदवीधर. पदार्थविज्ञानाशी आमचा संबंध शालान्त परीक्षेबरोबर संपला. परंतु केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्यांचा योग कोणास चुकत नाही, आणि त्या योगाने आमची काही वर्षे शिलाँगला गेली. तेथे आमच्या वाट्यास आलेले सरकारी घर लाकडी सांगाड्याचे, बोरूसारख्या गवताच्या कुडाला गिलावा केलेल्या भिंतींचे आणि वर पत्र्याचे होते. सरकारी बंगला म्हटला की जाड दगडी भिंती डोळ्यांपुढे येतात. येथे सारेच उलट. हे घर असे का, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना १८९७ सालापर्यंत मागे जावे लागले, आणि तेथून वाचन वाढत गेले. त्या वाचनातून जे समजले ते आमच्यासारख्याच, शास्त्र न शिकलेल्या श्रोत्यांपुढे ठेवावे एवढाच हेतू आहे.

दिल्लीकरांना हा विषय तसा परका नाही. रात्री पंखा डुलू लागला, पलंग सरकल्यासारखा झाला, म्हणजे आपण सारे जिन्याने खाली उतरतो. एरवी वर्षानुवर्षे न होणारे शेजाऱ्यांशी संभाषण होते. आणि अर्ध्या तासाने पुन्हा वर जाऊन निजतो. पुढच्या खेपेपर्यंत विषय मिटतो.

पृथ्वी का हलते, हा प्रश्न मात्र माणसाने फार पूर्वीपासून विचारला आहे. शेषाने फणा बदलला की धरणी कापते, ही गोष्ट आपण घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपलक्षणांचा स्वतंत्र अध्याय आहे. त्याचा आरंभच मतमतांतरांनी होतो. कोणी म्हणतात, पाण्यात राहणाऱ्या प्रचंड प्राण्यांमुळे. कोणी म्हणतात, भार वाहून थकलेल्या दिग्गजांच्या विश्रांतीमुळे. कोणी म्हणतात, वाऱ्यावर वारा आदळून खाली कोसळल्यामुळे. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा पंडित इतरांची मते आधी मांडतो, ही गोष्ट आम्हांला फार आवडली.

विसाव्या शतकातही हा वाद संपलेला नव्हता. १५ जानेवारी १९३४ रोजी उत्तर बिहार आणि नेपाळ यांना भीषण भूकंपाने हादरवले आणि दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेले हे ईश्वरी शासन होय, असे महात्माजींनी म्हटले. अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यात त्यांच्याशी सहमत असलेल्या रवींद्रनाथांनी त्यास जाहीर हरकत घेतली. भौतिक घटनेचे कारण भौतिक व्यवहारातच शोधले पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. महात्माजींनी ती हरकत स्वतःच्याच 'हरिजन' पत्रात छापली आणि शेजारी आपले उत्तरही दिले. मतभेद कसा असावा याचा हा नमुना आहे. परंतु भूकंपाच्या कारणापुरता विचार केला तर रवींद्रनाथांची बाजू खरी होती, असे आम्ही नम्रपणे म्हणू.

हे भौतिक कारण प्रथम स्पष्टपणे मांडले ते हॅरी फील्डिंग रीड या अमेरिकन शास्त्रज्ञाने. १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने आणि त्यामागून लागलेल्या आगीने उद्ध्वस्त झाले. त्या वेळी जमिनीत शेकडो मैल लांबीची एक भेग सरकली होती. भेगेवरून आडवी गेलेली कुंपणे मध्येच तुटून, काही ठिकाणी तर वीस फूट बाजूला गेलेली आढळली. रीड यांनी भूकंपापूर्वीची मोजणी आणि नंतरची मोजणी शेजारी ठेवून पाहिली, आणि त्यांच्या ध्यानात आले की जमीन त्या दिवशी सरकली खरी, पण ती पन्नास वर्षे आधीपासून हळूहळू वाकत होती.

खडक वाकतो, हे ऐकून नवल वाटते. पण वेताची छडी दोन हातांत धरून वाकवली म्हणजे ती काही काळ निमूट वाकते, तिच्यात ताण साठतो, आणि मर्यादा ओलांडली की काडकन मोडते; मोडल्यावर दोन्ही तुकडे झटक्याने सरळ होतात आणि हाताला झिणझिण्या येतात. खडकांचे नेमके हेच होते. जमिनीत जुनी भेग असते, तिला शास्त्रात विभंग म्हणतात. तिच्या दोन अंगांना दोन दिशांनी रेटा बसत असतो, पण घर्षणामुळे अंगे एकमेकांत अडकून राहतात. दशके, शतके ताण साठतो. एक दिवस अडकण सुटते, दोन्ही अंगे सरकून आपापल्या जागी येऊ पाहतात, आणि साठलेली शक्ती काही सेकंदांत मोकळी होते. हाताला आलेल्या त्या झिणझिण्या म्हणजे भूकंपाचे तरंग. जेथे ही अडकण प्रथम सुटते ती खोलवरची जागा म्हणजे भूकंपाची नाभी, आणि तिच्या नेमके डोक्यावर पृष्ठभागावरचे स्थान म्हणजे अपिकेंद्र. वर्तमानपत्रे या दोहोंना 'केंद्र' हे एकच नाव देतात. त्याने फारसे बिघडत नाही. परंतु नाभी किती खोल, हा प्रश्न त्या नावाखाली दडून जातो, आणि हानी पुष्कळदा त्याच प्रश्नावर अवलंबून असते.

रेटा कोठून येतो, याचे उत्तर मिळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. पृथ्वीचे कवच अखंड नसून काही प्रचंड तुकड्यांचे, म्हणजे भूपट्टांचे, बनलेले आहे आणि हे भूपट्ट सावकाश सरकत असतात, हे १९६० नंतरच्या दशकात सर्वमान्य झाले. आपला भारतीय भूपट्ट उत्तरेकडे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने सरकतो. आपली नखे साधारण याच हिशेबाने वाढतात. यांपैकी सुमारे दोन सेंटिमीटर हिमालयाच्या पट्ट्यात दाबली जातात. दोन सेंटिमीटर म्हणजे काहीच नव्हे. पण शंभर वर्षांत दोन मीटर होतात, आणि ही बाकी कधी तरी चुकती करावीच लागते. ४ एप्रिल १९०५ रोजी कांगड्यात सुमारे वीस हजार माणसे गेली. १९३४ चे बिहार आपण पाहिलेच. १५ ऑगस्ट १९५० रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या संध्याकाळी, आसामच्या ईशान्य टोकाला ८.६ परिमाणाचा भूकंप झाला. आणि २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात सुमारे नऊ हजार माणसे दगावली. ही सारी एकाच खात्यावरची फेड आहे.

आपण दख्खनचे लोक स्वतःला या खात्याबाहेरचे मानीत होतो. द्वीपकल्पाचा खडक अतिप्राचीन, म्हणून अचल, असे पाठ्यपुस्तकांतही असे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरने त्या समजुतीला धक्का दिला. सुमारे ६.३ परिमाणाच्या त्या भूकंपात दोनशेच्या आसपास माणसे मृत्यू पावली आणि १०३ मीटर उंचीच्या धरणालाही तडे गेले. धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले होते आणि तेव्हापासूनच त्या परिसरात लहान धक्के जाणवत होते. आज कोयना हे जलाशयामुळे चेतवल्या गेलेल्या भूकंपाचे जगातील एक प्रमुख उदाहरण मानले जाते. चेतवल्या गेलेल्या, हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. जलाशयाने भूकंप निर्माण केला नाही. ताण खडकात आधीचाच होता. पाण्याच्या भाराने आणि भेगांत झिरपलेल्या पाण्याच्या दाबाने अडकण सैल झाली, एवढेच. अलीकडे या परिसरात तीन किलोमीटर खोलीचे छिद्र घेऊन अभ्यास झाला. त्यात वरचा काळा पाषाण सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली त्याहून पुरातन खडक लागला. सह्याद्रीचे काळे कातळ ज्यांनी लहानपणापासून पाहिले, त्यांना त्याची जाडी कळायला एवढे दिवस लागले!

आता तरंगांकडे वळू. हा भाग आम्हांस सर्वांत मनोवेधक वाटतो, आणि त्याचा आपल्या देशाशी निकटचा संबंध आहे.

नाभीपासून दोन प्रकारचे तरंग एकदमच निघतात. रेल्वेच्या यार्डात मालगाडीला इंजिन येऊन लागते तेव्हा पहिल्या डब्याचा धक्का दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, असा खडखडत शेवटपर्यंत जातो. डबे पुढेमागे हलतात आणि धक्काही त्याच दिशेने जातो. पहिला प्रकार असा आहे. त्यात खडकाचे कण दाबले जातात व सुटतात. दुसरा प्रकार दोरीसारखा. दोरीचे एक टोक खुंटीला बांधून दुसरे वरखाली झटकले की लाट पुढे जाते, पण दोरी मात्र आडवी हलते. कवचाच्या खडकात पहिला तरंग सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर जातो, दुसरा सुमारे साडेतीन. म्हणून पहिल्याला प्राथमिक आणि दुसऱ्याला दुय्यम हे नाव; हा क्रम केवळ पोचण्याचा आहे, हानीचा नव्हे. इमारतींना आडवे हलवणारा दुय्यम तरंगच अधिक घातक. या दोघांखेरीज जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरणारे पृष्ठतरंग असतात. ते सर्वांत मागून, पण संथ आणि मोठ्या हेलकाव्यांनी येतात आणि फार दूरवर जातात.

वीज चमकते आणि गडगडाट मागून ऐकू येतो. मधले सेकंद मोजून आपण लहानपणी वीज किती दूर पडली ते ठरवत होतो. भूकंपातही तोच हिशेब चालतो. प्राथमिक आणि दुय्यम तरंगांमधील सेकंदांना आठाने गुणावे, म्हणजे भूकंप किती किलोमीटरवर झाला ते ढोबळ मानाने कळते. गढवालात भूकंप झाला आणि दिल्लीत पहिल्या बारीक कंपानंतर पस्तीस सेकंदांनी मोठा हेलकावा आला, तर अंतर सुमारे दोनशे ऐंशी किलोमीटर. एका ठिकाणाहून केवळ अंतर कळते, दिशा नाही. म्हणून तीन वेधशाळांची तीन अंतरे घेऊन नकाशावर तीन वर्तुळे काढायची. ती जेथे एकत्र येतात तेथे अपिकेंद्र.

हे दोन तरंग वेगळे असले पाहिजेत, हे गणितज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सांगितले होते. परंतु प्रत्यक्ष भूकंपाच्या नोंदीत ते वेगवेगळे दाखवून देण्याचा मान भारत सरकारच्या नोकरीतील एका अधिकाऱ्याकडे जातो. रिचर्ड डिक्सन ओल्डम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील अधिकारी. त्यांचे वडील थॉमस ओल्डम हे याच खात्याचे पहिले प्रमुख. भारतातील भूकंपांची त्यांनी केलेली जंत्री त्यांच्या मृत्यूनंतर मुलाने १८८३ साली प्रसिद्ध केली. १२ जून १८९७ रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास शिलाँगच्या पठाराखाली भूकंप झाला. परिमाण आठाच्या वर असावे, असा आजचा अंदाज आहे. शिलाँगमधील दगडी इमारती क्षणात ढिगारे झाल्या. गौहत्ती, सिल्हेट येथे तीच अवस्था. दूरच्या कलकत्त्यातही इमारतींचे पुष्कळ नुकसान झाले. इतक्या प्रचंड भूकंपात मृतांची संख्या दीड हजारांच्या आसपास राहिली, याचे एक कारण वेळ: उजेड होता आणि पुष्कळ लोक घराबाहेर होते.

चौकशीचे काम ओल्डम यांच्याकडे आले, आणि १८९९ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सरकारी अहवाल कसे असतात हे आम्ही उभी हयात पाहात आलो आहोत. म्हणून हा अहवाल वाचताना आदर दुणावतो. भूकंप नेमका कोणत्या क्षणी कोठे पोचला हे ठरविण्यासाठी त्यांनी ठिकठिकाणच्या वेळा गोळा केल्या आणि कोणत्या घड्याळावर किती विश्वास ठेवायचा याचीही छाननी केली. चेद्रांग नदीच्या काठी जमीन तुटून एक बाजू पस्तीस फुटांपर्यंत वर उचललेली त्यांनी नोंदवली. काही ठिकाणी मातीत रुतलेले धोंडे कडांना न खरवडता खळग्यातून सरळ वर उडून बाजूला पडले होते. याचा अर्थ त्यांनी अचूक लावला: जमिनीचा झटका गुरुत्वाकर्षणालाही भारी पडला होता.

तथापि त्यांचे खरे यश पुढे आहे. १८८९ साली जपानात झालेल्या भूकंपाची नोंद जर्मनीतील पॉट्सडॅम येथील उपकरणावर उमटली होती, आणि हजारो मैलांवरचा भूकंप घरबसल्या टिपता येतो हे तेव्हापासून कळले होते. शिलाँगच्या भूकंपाचे आलेख युरोपातील, विशेषतः इटलीतील, वेधशाळांत उमटले. ओल्डम यांनी ते तपासले तेव्हा त्यांत तीन टप्पे दिसले: आधी बारीक कंप, मग जरा मोठा दुसरा कंप, आणि शेवटी मोठ्या लाटा. पहिले दोन पृथ्वीच्या पोटातून आलेले प्राथमिक व दुय्यम तरंग, आणि तिसऱ्या पृष्ठभागावरून आलेल्या लाटा, असा निष्कर्ष त्यांनी १९०० साली अनेक भूकंपांच्या आधारे मांडला. निवृत्त होऊन इंग्लंडला गेल्यावरही त्यांनी हा धागा सोडला नाही. पृथ्वीच्या मध्याजवळून येणारे तरंग अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतात, अर्थी पृथ्वीच्या पोटात निराळ्या द्रव्याचा गाभा असला पाहिजे, हे त्यांनी १९०६ साली दाखवले. दुय्यम तरंग द्रवातून जाऊ शकत नाहीत, कारण द्रवाला दोरीसारखा आडवा ताण नसतो. या व अन्य पुराव्यांवरून गाभा बाहेरून तरी द्रवरूप असला पाहिजे, असे जेफ्रीज यांनी १९२६ साली म्हटले. आणि त्या द्रवाच्या आत पुन्हा एक अंतर्गाभा आहे, हे इंगे लेमान या डॅनिश विदुषीने १९३६ साली सिद्ध केले. गाभ्यापर्यंतची खोली सुमारे २,९०० किलोमीटर. तेथे कोणी गेले नाही, जाणारही नाही. वैद्य छातीवर बोटे ठोकून आतले समजून घेतो, तसे हे ज्ञान झाले.

त्याच भूकंपाने शिलाँगची घरे बदलली. पुन्हा बांधताना दगड टाकून लोकांनी लाकूड, कुड आणि पत्रा घेतला. त्यालाच पुढे आसाम पद्धतीचे घर म्हणू लागले. आपल्या देशातील पहिली भूकंप-वेधशाळाही १८९८ च्या डिसेंबरात कलकत्त्याजवळ अलीपूर येथे सुरू झाली.

तरंग समुद्राच्या लाटेहून किती वेगाने धावतात, याचा एक कटू अनुभव आपल्या पिढीने घेतला. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ ९.१ परिमाणाचा भूकंप झाला. त्याचे तरंग चार-पाच मिनिटांत मद्रासच्या किनाऱ्याखाली पोचले. समुद्राची लाट मात्र दोन-अडीच तासांनी आली. तरंगांनी दिलेला तेवढा अवधी हाती होता. तो लोकांपर्यंत पोचविणारी व्यवस्था नव्हती. ती २००७ साली हैदराबादला उभी राहिली.

वर्तमानपत्रांत परिमाण आणि तीव्रता यांची नेहमी गल्लत होते, म्हणून दोन शब्द. परिमाण म्हणजे भूकंपाने एकूण किती शक्ती मोकळी केली याचे माप. ते एका भूकंपाला एकच असते. तीव्रता ही गावागणिक वेगळी. विजेचा दिवा किती शक्तीचा, हे परिमाण. आपल्या पुस्तकावर उजेड किती, ही तीव्रता. परिमाणाचा एक आकडा वाढला की शक्ती सुमारे बत्तीस पट वाढते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ६.२ चा, आणि २६ जानेवारी २००१ चा कच्छचा ७.७ चा. दीडच आकड्याचा फरक दिसतो; शक्तीचा फरक सुमारे पावणेदोनशे पटींचा आहे.

मग किल्लारीत इतकी माणसे का गेली? पहाटेचे चार वाजायचे होते, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, सारा गाव गाढ निजलेला. नाभी उथळ होती. आणि घरे होती माळवदाची. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया, आणि त्यावर दर वर्षी पावसाळ्याआधी चढवलेली मातीची थरावर थर भर, काही ठिकाणी तर दोन फुटांपर्यंत. उन्हाळ्यात हे घर थंड राहते, म्हणून मराठवाड्याने ते पिढ्यान्‌पिढ्या जपले. भिंतीतील दगडांना बांधून ठेवणारे आडवे दगड नव्हते. भिंत दोन पदरांत फाटली, आणि वरचा सारा भार अंथरुणावर आला. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. ज्या घरात सासर-माहेरच्या चार पिढ्या सुखाने नांदल्या, त्याच घराने त्यांना गाडले. यावर आम्हांस अधिक काही बोलवत नाही.

याच्या उलट एक उदाहरण आमच्यासारख्या सरकारी नोकराला अभिमान वाटावा असे आहे. बलुचिस्तानात १९३१ साली भूकंप झाल्यावर रेल्वेतील एस. एल. कुमार या अभियंत्याने भूकंपात टिकतील अशी रेल्वेची निवासस्थाने आखली. ३१ मे १९३५ रोजी क्वेट्टा शहर तीस हजारांवर माणसांसह जमीनदोस्त झाले. ती निवासस्थाने उभी राहिली. शास्त्र हाती होते, खर्चही आवाक्यातला होता. करणारा माणूस मिळाला, एवढाच फरक.

तिसरी गोष्ट खालच्या मातीची. ताटात खरवसाची वडी ठेवून ताटाला बोट लावावे. ताट हलल्याचे कळतही नाही, पण वडी थरथरत राहते. नदीकाठची जाड गाळमाती खालच्या खडकाचे कंप असेच वाढवते. वाळूत पाणी मुरलेले असेल तर आणखी एक संकट. चौपाटीवरील ओल्या वाळूवर पायाने थापटत राहिले की पाणी वर येते आणि घट्ट वाटणारी वाळू पातळ होते. १९३४ साली उत्तर बिहारच्या मोठ्या पट्ट्यात असेच झाले. जमिनीतून वाळूचे फवारे उडाले आणि घरे कलली, खचली. पूसा येथील कृषी संशोधन संस्थेची इमारत त्या भूकंपात निकामी झाली, म्हणून १९३६ साली ती संस्था दिल्लीला आणली. आपण रोज 'पूसा' म्हणून ज्या भागाचा उल्लेख करतो, ते नाव बिहारच्या त्या गावाचे.

दिल्लीच्या भूमीतही हे दोन्ही प्रकार आहेत. रिजचा कणा जुन्या टणक खडकाचा. यमुनेच्या दोन्ही काठांना, विशेषतः आपल्या या यमुनापारच्या वस्तीत, गाळ आणि वाळू खोलवर. भूकंप जवळच व्हावा लागतो असेही नाही. १ सप्टेंबर १८०३ रोजी दूर गढवालात झालेल्या भूकंपाने कुतुबमिनाराची वरची छत्री पाडली. बारीक, जलद कंप वाटेत विरतात. संथ, लांब हेलकावे दूरवर पोचतात, आणि उंच वास्तूला तेच मानवतात, झोपाळ्याला त्याच्या तालावर झोका दिला की तो चढतो तसे. पुढे १८२८ साली मेजर रॉबर्ट स्मिथ याने तेथे नवी छत्री बसवली. ती विशोभित दिसते म्हणून १८४८ साली लॉर्ड हार्डिंजने उतरवली. आजही ती मिनाराजवळच्या हिरवळीवर उभी आहे.

भूकंप केव्हा होणार, हे कोणी सांगू शकतो काय, असा प्रश्न हमखास येतो. नाही. चीनमध्ये ४ फेब्रुवारी १९७५ च्या हायचेंग भूकंपापूर्वी लोकांना घराबाहेर काढण्यात आले आणि असंख्य प्राण वाचले. पण पुढच्याच वर्षी २८ जुलैला तांगशानमध्ये कोणतीही सूचना न मिळता अडीच लाखांच्या आसपास माणसे गेली. जन्मपत्रिका आणि ग्रहयोग यांवरून तारखा देणाऱ्यांविषयी या सभेत बोलण्याची गरज नसावी. काही सेकंदांची पूर्वसूचना मात्र शक्य आहे, कारण निरुपद्रवी प्राथमिक तरंग आधी येतो आणि विजेचा संदेश त्याहूनही वेगाने जातो. जपानात याच आधारे धावत्या आगगाड्या थांबवल्या जातात.

आता आपल्या वास्तूविषयी बोलावयास हवे. सुवर्णमहोत्सवानिमित्त या सभागृहावर अतिथिकक्षांचा मजला चढवावा, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. बाहेरगावाहून उपचारासाठी वा परीक्षेसाठी येणाऱ्या मराठी मंडळींची त्याने मोठी सोय होईल, याविषयी आमचा वाद नाही. किंबहुना देणगीदारांच्या यादीत आमचेही नाव आहे. परंतु खाली हे मोकळे, मोजक्या कॉलमांवर उभे सभागृह आणि वर विटांच्या भिंतींच्या खोल्या, या रचनेने २००१ साली अहमदाबादेत काय केले ते आपण वाचले आहे. अपिकेंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या त्या शहरात, तळमजला गाड्यांसाठी मोकळा सोडलेल्या अनेक इमारती कोसळल्या. वरचा भाग ताठ व जड, खालचा लवचिक व मोकळा. सारा आडवा रेटा खालच्या कॉलमांवर येतो, आणि ते मोडले की वरचे मजले जसेच्या तसे खाली बसतात.

आपली वास्तू उभी राहिली तेव्हा १९९३ ची, लोखंड कसे बांधावे हे सांगणारी भारतीय मानक संहिता निघालेली नव्हती. २००२ च्या संहितेच्या नकाशात दिल्ली चार विभागांपैकी वरून दुसऱ्या क्रमांकाच्या धोकादायक विभागात आहे. मजला पेलेल, असे ठेकेदार म्हणतात. उभा भार तो पेलेलही. प्रश्न आडव्या झटक्याचा आहे. यास्तव आमची कार्यकारिणीस लेखी विनंती आहे की, वर्गणी गोळा करण्याआधी संरचना-अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी. मूळ नकाशे मंडळाच्या कपाटात असतील तर ते काढावे. जमिनीला छिद्र घेऊन खाली वाळू किती आणि पाणी किती खोल, ते पाहावे. कॉलममधील रिंगा किती अंतरावर आहेत आणि त्यांची टोके आत वळवली आहेत काय, याची तपासणी व्हावी. कॉलम फुटू लागला तर त्याला घट्ट धरून ठेवणाऱ्या या रिंगाच असतात, आणि अंदाजपत्रकात सर्वांत आधी कात्री लागते ती त्यांनाच. तपासणीचा खर्च मजल्याच्या खर्चाच्या मानाने किरकोळ आहे. अहवाल प्रतिकूल आला, तर कॉलमांना जोड देऊन आणि दोन बाजूंना भरीव भिंती घालून सभागृह आधी बळकट करता येईल, मजला त्यानंतर. एखादे वर्ष उशीर होईल.

शनिवारच्या भजनाला या सभागृहात शंभर-सव्वाशे माणसे असतात, गणेशोत्सवात त्याच्या तिप्पट. मागच्या भिंतीला दोन दरवाजे आहेत. त्यांपैकी एकापुढे सतरंज्यांचा ढीग आणि उत्सवाच्या मखराचा सांगाडा ठेवलेला असतो. तेवढा आज रात्रीच हलविता येईल. कार्यकर्त्यांनी हात दिला तर आम्ही थांबतो.